छत्तीस चौकोनांचं गाव

"काय ग, अमेरिकेला जाऊन आलीस म्हणे! काय काय पाहिलंस?"

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापासून हा प्रश्न मला किती जणींनी विचारला, त्याची गणती नाही. विचारणारीच्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कचा तो मशाल धरलेला पुतळा असतो, नायगारा असतो, गेला बाजार शिकागोचे उंच मनोरे तरी असतात. मी आपली खरं ते सांगते, "शेतं पाहिली. आणि बर्फ काढणारा एक ट्रक पाहिला." समोरची बाई कैरीची डाळ तोंडात घालता घालता थांबते. मग मी सांगत बसते. आज तेच जरा सविस्तर तुम्हांला सांगते.

माझी धाकटी बहीण इलिनॉय राज्यात असते. तिचं दुसरं बाळंतपण जानेवारी २०२४ मध्ये होतं. पहिल्या वेळी आई गेली होती. पण आता आईचे गुडघे प्रवासाचं नाव काढू देत नाहीत. म्हणून मी जायचं ठरलं. शाळेत माझी नोकरी अर्ध्या वेळेची, तासांवर पगार. तेव्हा बिनपगारी रजा मिळायला फारशी अडचण पडली नाही. मुलं आणि 'हे', दोन्ही सासूबाईंच्या हवाली केले, अळीव, डिंक, बाळंतशोपा अशी सगळी तयारी बांधली आणि कराडहून निघाले.

बहीण फोनवर एक वाक्य नेहमी बोलायची. "ताई, इथं मरून पडलं तरी चार दिवस कुणाला कळायचं नाही ग." ती हसत हसत म्हणायची, पण आई ते ऐकलं की रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर व्हायची. खरं सांगायचं तर बाळंतपणाइतकीच त्या एका वाक्याची काळजी घेऊन मी विमानात बसले होते.

मेहुण्यांची नोकरी ब्लूमिंग्टन शहरात, विम्याच्या कंपनीत. त्या शहरात भारतीय पुष्कळ. मराठी घरं आहेत, देऊळ आहे, मेथी-कोथिंबीर मिळणारी दुकानं आहेत. पण मेहुणे खानदेशातल्या शेतकरी घरातले, त्यांना हौस मोकळ्या रानाची. त्यांनी शहरापासून चौदा मैलांवर, म्हणजे आपल्या हिशेबाने बावीस-तेवीस किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध असलेलं एक जुनं घर घेतलं.

शिकागोच्या विमानतळावरून आम्ही मोटारीने दक्षिणेला निघालो. अडीच तास झाले. मोठा रस्ता सोडला, लहान रस्ता लागला, तोही सोडून आणखी लहान लागला. शेवटी न राहवून मी विचारलं, "गाव कधी यायचं?"

"ताई, गावातच आहोत आपण केव्हाचे," मेहुणे म्हणाले.

मी काचेतून बाहेर पाहिलं. मक्याचे कापलेले खुंट बर्फातून डोकं वर काढून उभे. एक घर. मग मैलभर काही नाही. मग दुसरं घर, त्याच्या शेजारी पत्र्याची गोल कणगी. वर आभाळ एवढं मोठं की बघून छाती दडपावी. ना वेस, ना पार, ना पाणवठा, ना देवळाचा कळस. माणूस तर औषधालाही दिसेना. मनात म्हटलं, पोरगी खोटं बोलत नव्हती.

ह्या प्रदेशाला ते 'टाउनशिप' म्हणतात. आपल्याकडे टाउनशिप म्हटलं की साखर कारखान्याची नाहीतर एखाद्या बिल्डरची वसाहत डोळ्यांपुढे येते. तसं नाही. बी.ए.ला माझा भूगोल होता, पण ही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती. १७८५ साली, म्हणजे अमेरिका स्वतंत्र होऊन स्थिरस्थावर होते न होते तोच, तिथल्या काँग्रेसने जमीन मोजणीचा एक कायदा केला. पश्चिमेकडची सगळी जमीन विकायला काढायची, तर आधी ती मोजायला हवी. डोंगर, नदी, ओढा काही न बघता उभ्या-आडव्या रेघा मारत जायचं ठरलं. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असा चौकोन म्हणजे एक टाउनशिप. तिच्या पोटात एकेका चौरस मैलाचे छत्तीस लहान चौकोन, प्रत्येकी ६४० एकरांचे. त्यांना आकडे घालायची रीत मला फार आवडली. ईशान्येच्या कोपऱ्यात एक, तिथून पश्चिमेला जात सहा, मग खाली उतरून उलट पूर्वेकडे बारापर्यंत, पुन्हा खाली, पुन्हा उलट. शेतात औत फिरतं ना, अगदी तसं! आणि सोळा नंबरचा चौकोन शाळेसाठी राखलेला. गावात अजून एक माणूस राहायला आलेला नाही, पण शाळेची जमीन बाजूला काढून ठेवलेली. मास्तरीण म्हणून मला हे वाचून बरं वाटलं.

अर्थात जमीन काही रिकामी नव्हती. इथे किकापू नावाच्या मूळ लोकांची वस्ती होती. १८१९ च्या तहात त्यांना इलिनॉयमधल्या आपल्या जमिनी सोडाव्या लागल्या. त्यांच्या मोठ्या गावाची जागा ह्याच मॅक्लीन काउंटीत आहे. काउंटी म्हणजे साधारण आपला तालुका म्हणा. सरळ रेघांच्या नकाशाखाली अशी एक वाकडी गोष्ट पुरलेली आहे, ती विसरून चालत नाही.

रस्ते ह्या मोजणीच्या रेघांवरूनच गेलेत. दर मैलाला एक रस्ता, नाकासमोर सरळ. मात्र अधूनमधून सरळ जाणारा रस्ता विनाकारण एक झोकांडी खातो आणि पुन्हा सरळ होतो. मी विचारलं, इथे काय झाड होतं की विहीर? तर तसं काही नाही. पृथ्वी गोल! उत्तरेकडे जाताना रेखांश जवळजवळ येतात, मग सपाट कागदावरचे चौकोन जमिनीवर बसेनात. म्हणून मोजणीदारांनी ठरावीक अंतरावर हिशेब दुरुस्त करून घेतला. शाळेत पृथ्वी गोल असल्याचे पुरावे शिकवताना मी क्षितिजावरच्या जहाजाचं शीड सांगत आले. आता हा रस्ताही सांगते.

रस्त्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. काउंटीच्या दक्षिण हद्दीपासून आठ मैलांवरचा रस्ता 'आठशे उत्तर'. पश्चिम हद्दीपासून बारा मैलांवरचा 'बाराशे पूर्व'. घरावरचा आकडाही त्याच हिशेबाने. म्हणजे पत्ता हाच नकाशा. 'मारुतीच्या देवळामागे, पिठाच्या गिरणीच्या वरती' असं सांगायची सोयच नाही. तेव्हा मला हे फार रूक्ष वाटलं होतं. ह्या आकड्यांची किंमत मला पुढे कळायची होती.

पहिल्या आठवड्यात बहिणीच्या स्वयंपाकघरात बसून मी एकेक सोय समजून घेतली. आपण बायका कुठेही गेलो तरी आधी पाणी कुठून येतं तेच विचारणार! तर पाणी अंगणातल्या बोअरचं. वर्षातून एकदा ते तपासायला पाठवायचं. सांडपाण्याला गटार नाही, जमिनीखाली टाकी. तीन ते पाच वर्षांनी ती उपसून घ्यायची. स्वयंपाकाला आणि घर तापवायला गॅस. तो अंगणातल्या पांढऱ्या लांबोळक्या टाकीत, ट्रक येऊन भरून जातो. "आपला सिलिंडरच, फक्त हत्तीएवढा," बहीण म्हणाली. टपाल रस्त्याच्या कडेला खांबावरच्या पेटीत. आपलं पत्र न्यायला हवं असेल तर पेटीवरचं तांबडं निशाण उभं करून ठेवायचं, टपालवाली बाई मोटार थांबवून उचलून नेते. खेड्यांत असं घरपोच टपाल तिथे १८९६ पासून सुरू झालं; त्याआधी शेतकऱ्याला टपालासाठी बाजारगावी जावं लागे.

आणि वीज? ती ऐकून मला आपलं काही भेटल्यासारखं वाटलं. वीज सहकारी संस्थेची! खेड्यात दूरदूरच्या घरांना तारा ओढणं कंपन्यांना परवडेना, तेव्हा १९३५ नंतर सरकारच्या कर्जावर शेतकऱ्यांनीच ठिकठिकाणी संस्था काढल्या. ज्याच्या घरी वीज तो सभासद. आपल्याकडे, पूर्वीच्या नगर म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, मुळा-प्रवरा ही अशीच वीज सहकारी संस्था २०११ पर्यंत वीज देत होती. सहकार म्हणजे फक्त ऊस आणि दूध असं समजणारी मी, गप्पच बसले.

भाचीची शाळा सात मैलांवर. पूर्वी म्हणे दर दोन-तीन मैलांना एकेका खोलीची शाळा असायची. इलिनॉय राज्यात अशा छोट्या शाळांचे दहा हजारांवर स्वतंत्र शाळा-विभाग होते. दुसऱ्या महायुद्धानंतर ते एकत्र केले. आता पिवळी बस सकाळी दारात येते. ती थांबली आणि तिने आपला लाल फलक बाहेर काढला की मागची-पुढची सगळी वाहनं जागच्या जागी थांबतात. पोर रस्ता ओलांडेपर्यंत कोणी इंचभर हलत नाही. हे दृश्य मी रोज खिडकीतून बघायची आणि रोज मला आमच्या शाळेच्या फाटकासमोरची गर्दी आठवायची.

मग टाउनशिप नावाचा कारभार नेमकं करतो काय? मेहुण्यांनी घराच्या कराचं बिल माझ्यापुढे ठेवलं. त्यात शाळेचा वाटा सर्वांत मोठा. मग काउंटी, आग विझवणारी संस्था, वाचनालय, आणि त्यांत टाउनशिपच्या दोन लहानशा ओळी. इलिनॉयच्या कायद्याने तिच्याकडे मुख्य कामं तीन. रस्ते आणि पूल सांभाळणं, घराजमिनीची करासाठी किंमत ठरवणं, आणि ज्याला दुसरीकडून कुठलीच मदत मिळत नाही अशा गरजूला महिन्याची थोडी मदत देणं. एक प्रमुख, एक चिटणीस, चार सभासद आणि रस्त्यांसाठी एक निवडून दिलेला माणूस. त्याला 'हायवे कमिशनर' म्हणतात. मला वाटलं, बापरे, कमिशनर! लाल दिव्याची गाडी असेल. मेहुणे हसले. "ताई, आमचे कमिशनर स्वतः ट्रक चालवतात. खड्डाही तेच बुजवतात."

हे सगळं ऐकून माझं समाधान काही झालं नाही. कागदावर सगळं ठीक, पण माणसं कुठायत? पाचशे-सहाशे माणसं ह्या छत्तीस चौरस मैलांत राहतात म्हणे. सर्वांत जवळचं घर अर्ध्या मैलावर, तिथे सत्तरीची एक विधवा आजी. बहीण तिला 'कोपऱ्यावरची आजी' म्हणायची. तीन वर्षांत दोघींचं बोलणं हात हलवण्यापलीकडे गेलं नव्हतं. "त्यांना वाटतं आम्ही परके, आम्हांला वाटतं त्या तुसड्या," बहीण म्हणाली. मला मेहुण्यांचा मनातून रागच आला होता. मोकळं रान हवं म्हणून बायकोला कुठे आणून ठेवलं!

शुक्रवार, १२ जानेवारी. दुपारपासून वारं सुटलं. संध्याकाळी बर्फ सुरू झालं. नुसतं पडत नव्हतं, आडवं उडत होतं. सपाट रानात त्याला अडवायला झाड नाही की टेकडी नाही. दिवस भरायला अजून दहा दिवस होते, म्हणून आम्ही निर्धास्त खिचडी खाऊन झोपलो. दीडच्या सुमाराला बहिणीने मला हलवलं. चेहरा बघूनच कळलं. दुसरी खेप, कळा भराभर वाढत होत्या. मेहुणे मोटार काढायला गेले आणि पाच मिनिटांत परत आले. रस्त्यापर्यंतच्या वाटेत कमरेएवढा बर्फाचा ढीग साठला होता. मोटार हलणं शक्य नव्हतं.

नऊ-एक-एक ह्या क्रमांकावर फोन केला. पत्ता सांगितला. "निघालेत," असं उत्तर आलं. मी पाणी गरम केलं, स्वच्छ पंचे काढले, देवाजवळ दिवा लावला. हात कापत होते. माझ्या दोन्ही बाळंतपणांत मी दवाखान्यात होते, सोबत सहा बायका. इथे आम्ही तिघं आणि पलीकडे वाऱ्याचा तो घोंघाट.

वीस मिनिटांनी लांबवर तांबडे दिवे दिसले. जवळ आले. आणि तसेच पुढे निघून गेले! मेहुण्यांनी कपाळावर हात मारला. आमच्या वाटेच्या तोंडाशी घराच्या आकड्याची पाटी होती. ती मागच्या वर्षी वाकली होती. "करू, करू" म्हणत ती तशीच राहिली होती, आणि आता ती बर्फाखाली गाडली गेली होती. चूक कुणाची नाही, आमचीच.

मेहुणे बाहेर धावले. तेवढ्यात रस्त्याच्या कडेला एक लहानसा उजेड हलताना दिसला. कोपऱ्यावरची आजी! अंगावर नवऱ्याचा जुना जाड कोट, हातात मोठी विजेरी, आणि ती हात वर करून ती विजेरी गोल गोल फिरवत होती. रुग्णवाहिका पुढून वळून आली. आणि तिच्या पुढे कोण? पिवळे दिवे लावलेला, तोंडाला भलंमोठं पातं बांधलेला टाउनशिपचा ट्रक. कमिशनरसाहेब रात्री दोनला बर्फ कापत रुग्णवाहिकेला वाट करून देत होते. त्यांनी आमच्या वाटेवरचा ढीग एका झपाट्यात बाजूला सारला. रुग्णवाहिकेतून उतरलेले तिघं डॉक्टर नव्हते. एरवी त्यांतला एक शेतकरी, एक शाळेतला सुतार आणि एक धान्याच्या कोठारावरची बाई. शिकून तयार झालेले, बोलावणं आलं की अंथरुणातून उठून येणारे. पाच मिनिटांत त्यांनी बहिणीला गाडीत घेतलं. मेहुणे बरोबर गेले. भाची आत झोपलेली, म्हणून मी मागे राहिले.

खिडकीत उभी राहून मी पुढचे पिवळे आणि मागचे तांबडे दिवे दिसेनासे होईपर्यंत बघत होते. सपाट प्रदेशाचा एक गुण असा, की जाणारं माणूस फार वेळ दिसत राहतं.

आजी घरी गेली नाही. बूट दाराशी काढून सरळ स्वयंपाकघरात येऊन बसली. माझं इंग्रजी शाळेतलं, तिचं बोलणं भरभर. पण आलं घातलेला चहा दोघींना कळत होता. मी विचारलं, तुम्हांला कळलं कसं? तर तिचा मुलगा त्याच दलात. त्याच्या कमरेची घंटी वाजली की आईच्या घरातला रेडिओही बोलतो. पत्ता ऐकल्याबरोबर तिला ती वाकडी पाटी आठवली. मुलगा दुसऱ्या दिशेने येणार, तोवर पाटी दिसायची नाही, म्हणून ती चालत निघाली. अर्धा मैल, त्या वाऱ्यात!

मग ती म्हणाली, "तुझ्या बहिणीचा स्वयंपाकघरातला दिवा रोज पहाटे पाचला लागतो. एखाद्या सकाळी तो लागला नाही, तर फोन करायचा असं मी कधीचं ठरवून ठेवलंय."

बायांनो, माझ्या हातातला कप तसाच राहिला. चार दिवस कुणाला कळायचं नाही म्हणणारी माझी बहीण, आणि तीन वर्षं तिचा दिवा मोजणारी ही म्हातारी! शेजार होता, आपण नजर टाकतो त्या ठिकाणी तो नव्हता, एवढंच.

पहाटे सव्वापाचला फोन आला. मुलगी झाली. दोघी सुखरूप. सोमवारी संक्रांत होती. बाहेर पारा शून्याखाली वीस अंशांच्या आसपास गेलेला. मी तिळाच्या वड्या केल्या आणि मेहुण्यांबरोबर तीन डबे पाठवले. एक आजीला, एक दलाला, एक कमिशनरांच्या ट्रकला.

पुढचे दिवस कसे गेले कळलंच नाही. बर्फ वितळलं आणि खालून काळी माती वर आली. आमच्या कृष्णाकाठची काळी माती बघितलेली मी, तरी थबकले. आपली काळी जमीन कातळ झिजून झालेली. तिथली हिमनद्यांमागे उरलेल्या मातीवर, उंच गवताची मुळं हजारो वर्षं कुजून झालेली. ते गवताचं रान १८३७ साली जॉन डीअरने पोलादी नांगर बनवल्यावर भराभर नांगरलं गेलं. जमीन पाणथळ होती, म्हणून खाली भाजक्या मातीच्या नळ्या पुरून पाणी ओढ्यात काढून दिलं. आज त्या मूळ गवताळ रानापैकी हजारात एक हिस्साही चांगल्या स्थितीत राहिलेला नाही. जे आहे ते बरंचसं जुन्या स्मशानभूमीत नाहीतर रेल्वेच्या कडेला, कारण तिथे नांगर गेला नाही. मका आणि सोयाबीन, बाकी काही नाही. तो मकाही आपण भाजून तिखटमीठ लावतो तो नव्हे. जनावरांचं खाद्य आणि इंधनाचं अल्कोहोल ह्यांसाठीचा.

मार्चच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला असा भोंगा वाजला की मी तान्ह्या बाळाला घेऊन तळघरात पळाले! बहीण वर हसतेय. चक्रीवादळाची सूचना देणारा भोंगा. राज्यभर दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी दहा वाजता त्याची चाचणी. तिने मला सांगायचं विसरलं होतं. एका रविवारी दलाच्या मदतीसाठी पॅनकेकची न्याहारी होती. जे लोक रात्री आमच्या दारात आले, तेच पांढरे ॲप्रन बांधून धिरडी उलटत होते. मी त्यांना बघून ओळखलं नाही, त्यांनी मला ओळखलं.

जवळच फंक्स ग्रोव्ह म्हणून मेपलच्या झाडांची राई आहे. फंक घराण्यातला पहिला माणूस तिथे १८२४ साली आला. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाला लहानसं भोक पाडून रस धरतात आणि आटवतात. चाळीस गॅलन रसाचं एक गॅलन काकवीसारखं पाक होतं. आमच्या कराडकडची गुऱ्हाळं आठवली. धुराचा वासही तसाच गोड.

आणि मग पाडवा आला. ९ एप्रिल. आदल्याच दिवशी सूर्यग्रहण; राज्याच्या दक्षिण टोकाला खग्रास, आमच्याकडे सूर्याची बारीक कोर उरलेली. सासूबाईंनी कराडहून फोन करून बाळबाळंतिणीला बाहेर काढायचं नाही म्हणून बजावलं होतं, ते मी पाळलं. स्वतः मात्र चष्मा लावून बघून घेतलं. पाडव्याला ओट्यावर गुढी उभारली. वाऱ्याने दोनदा आडवी केली, तिसऱ्यांदा दोरीने जखडली.

त्याच दिवशी, एप्रिलच्या दुसऱ्या मंगळवारी, टाउनशिपची वार्षिक सभा. सगळ्या राज्यात ती त्याच दिवशी, संध्याकाळी सहानंतर असते. ज्याचं नाव मतदार यादीत त्याला यायचा आणि मत द्यायचा हक्क. बहिणीने आणि मेहुण्यांनी दोन वर्षांपूर्वी नागरिकत्व घेतलं होतं, पण सभेला कधी गेले नव्हते. "काय करायचं जाऊन? गिट्टीचे भाव ऐकायचे?" बहीण म्हणाली. मी म्हटलं, "ज्यांनी रात्री दोनला गिट्टीचा रस्ता उघडून दिला, त्यांच्या गिट्टीचे भाव ऐकायला जायलाच हवं." करंज्यांचा डबा घेतला आणि बाळासकट गेलो.

सभागृह म्हणजे तो ट्रक ठेवायची शेड. अर्ध्यात ट्रक, अर्ध्यात घडीच्या पंधरा खुर्च्या. आलेली माणसं अकरा, आमच्यासह. आधी सभेचा अध्यक्ष आल्या लोकांतूनच निवडला. मग जमाखर्च वाचला. डिझेल, मीठ, गिट्टी, एका मोरीची दुरुस्ती, स्मशानातलं गवत कापणं. एका म्हाताऱ्याने मोरीच्या खर्चावर इतके प्रश्न विचारले की मला आमच्या शाळेच्या पालकसभेतले एक गृहस्थ आठवले. कुणी रागावलं नाही. एकेक उत्तर दिलं.

शेवटी कुणाला काही बोलायचं आहे का, असं विचारलं. बहीण उभी राहिली. आवाज कापत होता. तिने त्या रात्रीबद्दल आभार मानले, आपल्या वाकड्या पाटीची चूक कबूल केली आणि म्हणाली, "हिवाळ्याआधी सगळ्यांच्याच पाट्या एकदा बघाव्यात. दुसऱ्या कुणाची गाडी पुढे जाऊ नये." कमिशनरांनी खिशातून वही काढली, लिहून घेतलं आणि म्हणाले, रस्ते बघत फिरतो तेव्हा पाट्याही बघीन, ज्याची दिसत नसेल त्याला कळवीन. झालं. ना ठराव, ना भाषण. मग करंज्या फिरल्या. आजीने दोन घेतल्या आणि एक मुलासाठी रुमालात बांधली.

परतताना गाडीत बहीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ताई, आज पहिल्यांदा वाटलं, मी इथं राहते."

मी घरी आले. गावी गेले तेव्हा जाऊबाईंना विचारलं, "ग्रामसभेला जाता का हो? त्याआधी बायकांची वेगळी सभा असते ना?" त्या म्हणाल्या, "असते म्हणं. कोण जातंय! सही घ्यायला घरी येत्यात." त्यांना हसायला मला तोंड नव्हतं. आमच्या गल्लीत नळाचा व्हॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाचं नाव चौदा वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. पाणी आलं नाही की नगरपालिकेच्या नावाने बोटं मोडायची, की संपलं आपलं काम. आता नाव विचारलंय. संक्रांतीला त्यालाही वडी देणार आहे. शिवाय फोनजवळ एक कागद चिकटवलाय. त्यावर १०८ आणि अग्निशमनाचा क्रमांक, आणि आमचा पत्ता, अनोळखी माणसाला वाचून सापडेल असा. घाईच्या वेळी आपल्याला आपलाच पत्ता धड सांगता येत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. तुम्हीही एक कागद चिकटवा.

परवा बहिणीचा फोन आला. नेहमीपेक्षा उशिरा. "अग, सकाळी कोपऱ्यावरच्या आजीच्या स्वयंपाकघरात दिवा लागला नाही. म्हणून बाळाला घेऊन बघायला गेले."

"मग?" माझ्या पोटात गोळा आला.

"काही नाही ग. बल्ब गेला होता. मीच स्टुलावर चढून बदलून दिला."